आयुधपूजेचा कोहळा

मी एक जुना संगणक आहे. मार खाल्लेला, आणि ते सांगायला मला लाज नाही. मित्रांनो, माझ्या डाव्या कुशीला हा मोठा पोचा दिसतो ना? तो कोहळ्याचा आहे. हसू नका! चांगला पाच किलोचा होता.

माझा जन्मच रक्ताने झाला. कुंभकोणमच्या कॉलेजातून निवृत्त झालेल्या राजगोपालांनी सुटे भाग आणून मला स्वयंपाकघरातल्या फरशीवर जोडलं, तेव्हा पत्र्याच्या कडेने त्यांचा अंगठा चरकन कापला. त्यांच्या बायकोने, कामाक्षीने, हळद दाबली आणि मलाच दटावलं, "ऐयो, आल्याआल्या चावतोस कां रे!"

माझ्यावर 'ओसरी' चालायची. ओसरी म्हणजे तंजावरी मराठी घरांचा इंटरनेटवरचा गप्पांचा फोरम. चेन्नई, बंगळूर, पार अमेरिकेत गेलेली माणसं तिथे आपली घरातली मराठी लिहायची. आणि भांडायची! सांबारात चिंच किती, यावरून अकरा दिवस एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरल्या. माझा पंखा किंचाळायचा, अंग भाजून निघायचं. शेवटी कामाक्षी पदराला हात पुसत यायची आणि एकच ओळ लिहायची, "जेवलांत कां? आधीं जेवा, मग भांडा." की सगळे चिडीचूप. अशा नऊशे ओळी असतील तिच्या, माझ्या पोटात. राजगोपालांनी मात्र कधी एक अक्षर लिहिलं नाही. ते फक्त राखण करायचे.

एकदा वीज पडून माझी आतडी जळाली. एकदा उंदराने वायर कुरतडली आणि माझ्या आतच तडफडून मेला. दोन्ही वेळा राजगोपालांनी मला उघडलं, पुसलं, पुन्हा उभं केलं. लोक म्हणायचे, "काय दणकट आहे हो!" मी फुगून जायचो.

मग कामाक्षी गेली. माझ्यावरचं सॉफ्टवेअरही म्हातारं झालं होतं. बनवणाऱ्यांनीच ते वाऱ्यावर सोडलं. कुजलेल्या दारातून चोर शिरावेत तसे कोण कुठले आत घुसले. शिव्या, घाणेरड्या जाहिराती, नुसता उच्छाद! माणसं ओसरी सोडून जाऊ लागली. सॉफ्टवेअर बदलू या म्हणून मुलगी शिवरंजनी हात धुऊन मागे लागली. राजगोपालांचं एकच, "तिकडे नेतांना आईची एक ओळ सांडली तर? ती पुन्हा लिहायला येणार आहे कां?"

काय ते आयुधपूजेला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ठरवायचं ठरलं, कारण त्या दिवशी सगळे घरी. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं-यंत्रं बंद ठेवून पूजतात, आणि दसऱ्यालाच पुन्हा हातात घेतात. मलाही वायर काढून, चंदन-कुंकू लावून पाटावर बसवलं. शेजारी ताटात स्क्रूड्रायव्हर, पक्कड, कात्री.

"अप्पा, बोलणीं व्हायच्या आधीं ओसरीची एक नक्कल काढूं द्या," शिवरंजनी म्हणाली.

"आज नक्को. पूजेंत बसलेल्याला चालवत नाहींत."

तेवढ्यात राजगोपालांचा चुलतभाऊ हरिकृष्ण आला. त्याच्या नाकावर कायम राग.

"अण्णा, हा डबा मोडींत घाला! ओसरी मरते, आणि तुम्ही वहिनीचीं अक्षरें कवटाळून बसलांत."

"पुन्हा बोल."

"बोलतों! वहिनी मेली. आतां ओसरीलाही मारणार काय?"

राजगोपालांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बहात्तर वर्षांच्या माणसाने हरीची गचांडी धरून त्याला खांबावर आदळलं. हरीचं कपाळ फुटलं. त्याने लाथ झाडली, समई आडवी झाली, फरशीवर तेल पसरलं. शिवरंजनी मधे पडली, तिलाही कोपर बसलं. दृष्ट काढून रस्त्यात फोडायचा कोहळा, आत कुंकू भरलेला, उंबऱ्याशी होता. राजगोपालांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि हरीच्या डोक्यावर फेकला.

हरी वाकला. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. मित्रांनो, माझ्या वाट्याला कोहळा आला!

पत्रा फाटला. लाल पाणी माझ्या पोटात शिरलं, फरशीवर सांडलं. त्यात कुंकू किती आणि हरीचं रक्त किती, कळेना. राजगोपाल माझ्याजवळ येऊन बसले. "मींच सांडलें तिला," म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडले.

वायर लावलेली असती तर मी जागीच जळून खाक झालो असतो. ज्या पूजेने नक्कल अडवली, तिनेच मला वाचवलं. पण ओल आत झिरपत होती. शिवरंजनीने ताटातल्या स्क्रूड्रायव्हरकडे पाहिलं, मग वडिलांकडे. राजगोपालांनी स्वतःच तो उचलला, धोतराला चंदन पुसलं आणि तिच्या हातात दिला. "काढ."

तिने माझी हार्ड डिस्क काढली, पुसली, पंख्याखाली वाळवली. दसऱ्याच्या सकाळी ती तिच्या लॅपटॉपला जोडली. खरखर झाली, थांबली, पुन्हा झाली. मग उघडली. नऊशेच्या नऊशे ओळी! राजगोपालांनी एकेक वाचली. मग म्हणाले, "बदल. आजच बदल."

मित्रांनो, आता मी नुसता रिकामा पत्रा. पण मार खाल्लेला पत्रा विसरत नाही, म्हणून सांगतो. जपायचं ते पत्र्यात कोंडून त्यावर पहारा करू नका. नक्कल काढा, आणि भांडणाच्या आधी काढा. आणि हात उगारण्यापूर्वी समोरचा जेवला आहे का, तेवढं विचारा.

नव्या ओसरीवर पहिली ओळ राजगोपालांनी लिहिली. जन्मातली त्यांची पहिली, एका बोटाने, माझ्यासमोर बसून:

"हरि, टाके दुखतात कां? जेवलास कां?"

हरीचं उत्तर आलं:

"नाहीं, अण्णा. येतों. पान वाढा."