ईशान्येचा लॅपटॉप

जयप्रकाश पाठारे तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. अपघात झाला की त्याचं कारण शोधायचं आणि ते दुसऱ्या कुणाच्या तरी निष्काळजीपणात दाखवून द्यायचं, यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. नव्याण्णव साली कंपनीने त्यांना लॅपटॉप दिला. घरच्या रिमोटला प्लास्टिकचं जाकीट शिवून देणाऱ्या वाशीच्या माणसाकडेच त्यांनी तो त्याच संध्याकाळी नेला. खालून, बाजूंनी जाकीट कसं घट्ट बसलं. उघडायचं ते फक्त झाकण.

"अहो, गुदमरेल ना तो," त्यांची बायको शर्मिला म्हणाली.

"धूळ हा इलेक्ट्रॉनिक्सचा शत्रू आहे," पाठारे म्हणाले. सोफा, फोन, फ्रिजचं हँडल आणि जेवणाच्या खुर्च्या आधीच प्लास्टिकमध्ये होत्या. मे महिन्यात सोफ्यावरून उठताना घामाने चिकटलेल्या पाहुण्यांचा आवाज यायचा, पण सोफा नवा होता.

मग दिवाणावर मांडी घालून त्यांनी वार्षिक सेफ्टी रिपोर्ट लिहायला घेतला. दोन पानं होतात न होतात तोच स्क्रीन निळा पडला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीतून काहीतरी गंभीर लिहिलेलं होतं. बंद करून चालू केला, थोड्या वेळाने पुन्हा निळा. विंडोज नव्याने टाकून झालं. तरी निळा. शेवटी जाकीट काढून घरी ठेवलं, कारण दुकानात अशा वस्तू हरवतात, आणि लॅपटॉप कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या केयूरच्या दुकानात नेला. तिथल्या एसीत तो दिवसभर मख्खपणे चालला.

"काका, माझ्याकडे काय प्रॉब्लेम नाय," केयूर म्हणाला. "तुमच्या घरातच काहीतरी आहे."

हे वाक्य पाठाऱ्यांनी घरी सांगायला नको होतं. मुक्कामाला आलेले सासरे, अण्णा, सध्या वास्तुशास्त्र वाचत होते.

"दक्षिणेला तोंड करून बसता ना, जयप्रकाशराव? मग दुसरं काय होणार? ईशान्येला बसा."

"अण्णा, यंत्राला दिशा कळत नाही."

"नाही ना कळत? मग बसायला काय जातंय?"

"आणि तिथेही बंद पडला तर?"

"तर ओट्याचा विषय मी पुन्हा काढणार नाही."

शर्मिला दक्षिणेकडे तोंड करून स्वयंपाक करते, तेव्हा ओटा फोडून पूर्वेला घ्या, हा अण्णांचा सकाळ-संध्याकाळचा विषय होता. तो कायमचा मिटतोय म्हटल्यावर पाठारे विज्ञानाच्या भरात म्हणाले, "आणि चालला, तर फोडू ओटा."

"ग्रॅनाइटचा करायचा मग," आतून शर्मिला म्हणाली.

ईशान्येच्या कोपऱ्यात स्टूल मांडलं. साक्षीदार म्हणून अण्णा शेजारी खुर्ची टाकून बसले. त्यांना उकडतं म्हणून त्यांचा टेबल फॅनही आला. घरी आल्याबरोबर पुन्हा जाकीट चढवलेल्या लॅपटॉपवर पाठाऱ्यांनी रिपोर्ट उघडला. दोन पानं झाली. चार झाली. अण्णा डुलकी काढून उठले, तरी लॅपटॉप चालूच.

"काय म्हणतंय विज्ञान?" अण्णांनी विचारलं.

पाठाऱ्यांनी खालून हात लावून पाहिला. दिवाणावर तवा व्हायचा, इथे गार होता. त्यांची नजर टेबल फॅनवर गेली, तिथून जाकिटावर आली, आणि जाकिटाखाली बुजलेल्या हवेच्या जाळीवर येऊन थांबली. कारण सापडलं होतं. निष्काळजीपणाही सापडला होता. फक्त या वेळी तो दुसऱ्या कुणाचा नव्हता.

"अण्णा, हे त्या पंख्यामुळे..." ते म्हणाले.

"पंख्यामुळे काय?" शर्मिला हात पुसत दारात आली.

पाठाऱ्यांनी हिशेब मांडला. पंखा म्हटलं की उष्णता आली, उष्णता म्हटलं की जाकीट आलं, आणि जाकीट उतरलं की सोफा, फोन, हँडल, खुर्च्या सगळंच एका दुपारी उघडं पडणार. ओट्याला मात्र प्लास्टिक नव्हतंच.

"पंख्यामुळे... बरं वाटतंय," ते म्हणाले.

रविवारी सकाळी गवंडी आला. पहिल्याच घावाला ओट्याची फरशी फुटली आणि सिमेंटची धूळ उडून सोफ्यावर, फोनवर, लॅपटॉपवर बसली. शर्मिला तोंडाला पदर लावून उभी होती. पाठाऱ्यांनी ओलं फडकं घेतलं, लॅपटॉपच्या जाकिटावरून एकदा फिरवलं आणि तो लखलखीत लॅपटॉप तिच्यासमोर धरला.

"बघ," ते म्हणाले. "आज प्लास्टिक नसतं, तर?"