माहेरच्या दारात उतरवलेली

शिरड शहापूरच्या घरी ओसरीवर सटवाजी आपल्या लग्न झालेल्या लेकीला चमच्यानं पेज भरवत होता. निमोनियानं राधिकाला व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं. ती वाचली, पण हातापायांत त्राण उरलं नव्हतं. दवाखान्यातून सुटी मिळाली त्या दिवशी सासू पंचफुलाबाईनं गाडी थेट इकडं आणली. "आजारी सून माहेरीच बरी व्हते. रीतच हाय," ती म्हणाली. नवरा दत्तप्रसाद गाडीतून खालीसुद्धा उतरला नाही.

मग मदतीला गल्लीच उभी राहिली. शेजारची नर्मदाबाई पाय चोळायची, बाया आळीपाळीनं बगलेत धरून चालवायच्या, दवाखान्यातली सिस्टर फोनवर व्यायाम सांगायची. डोळा लागला की राधिका दचकायची, "नळी काढा" म्हणायची. तिला भान येईपर्यंत नर्मदाबाई हात सोडत नसे.

अशात बातमी आली, दत्तप्रसाद जवळा बाजारला दुसरी पोरगी बघून राहिला. राधिका रडायची थांबली. नर्मदाबाईला वाटे, पोरगी देवाचं नाव घेऊन पाऊल टाकते. ती सासूचं नाव घेऊन टाकत होती.

लग्न ठरून सुपारी फुटायची होती त्या दिवशी ती बापाला आणि नर्मदाबाईला घेऊन तिथं पोचली. मांडवात मात्र कुणाचा हात न धरता शिरली. "मी दत्तप्रसादची बायको," म्हणाली.

"पहिलीची फारकत झाली म्हणले व्हते," पुनमचा, म्हणजे नवऱ्या मुलीचा, बाप चाचरला.

"न्हाई झाली," राधिका पुनमकडं बघून म्हणाली. "मला धड बसता येत नव्हतं, तवा यांनी बापाच्या दारात उतरवलं. उद्या तू पडलीस तर तुलाबी तसंच उतरवतील."

पुनमच्या बापानं नारळ उचलून आत नेला, सोयरीक मोडली. पंचफुलाबाईचा चेहरा उतरला. "आता बरी झालीस ना? काहून तमाशा करून राहिली? चल घरी."

"न्हाई येत. तुमी खाटेला खिळाल, तवा पाणी पाजायला कोण येतंय ते मला बघायचं हाय."

मान खाली घातलेल्या नवऱ्याकडं तिनं डोळे भरून पाहिलं. बरं वाटलं तिला, अगदी आतून.

परतताना सटवाजी म्हणाला, "लई कडू बोललीस, माय."

"व्हय. अजून बोलायचं राह्यलंय."

थोड्याच दिवसांत कळमनुरीकडच्या एका सुनेला असंच माहेरी आणून टाकल्याचं कळलं. राधिका नर्मदाबाईला घेऊन निघाली. आधी त्या पोरीला उभं करायला, मग तिच्या सासरचं दार वाजवायला.