ओढणीचा वास

साठ वर्षं मी साप धरतोय. नाईलच्या काठावरच्या आमच्या इस्नात शेख तुल्बा म्हटलं की शेंबडं पोरही सांगेल, सापवाल्यांचं घर ते, खजुरीपलीकडचं. कुणाच्या गोठ्यात नाग निघाला की मला बोलावणं, आणि मी गेलो की जनावर मुकाट पिशवीत. पण जे सांगतोय ते मिरवण्यासारखं नाही. लाज वाटते म्हणूनच सांगतोय, मनात ठेवून कुजण्यापेक्षा बरं.

माझी नात नुवारा असियुतला गुरांची डॉक्टर व्हायला शिकते. सुट्टीत आली ती काचेची पेटी पोटाशी धरून. आत सापाचं पिल्लू, वीतभर लांब, बिनविषारी, रव्याच्या वडीच्या रंगाचं. म्हणून नाव बसबूसा. अहो, आमच्या सात पिढ्यांत सापाला कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि ही पोर त्याला मिठाई म्हणून हाका मारते!

आठ तासांच्या बसप्रवासानं त्या पिल्लाचं डोकं फिरलं होतं. कुणी जवळ गेलं की फुस्स करायचं, काचेवर थोबाड आपटायचं, घाण वासाची पिचकारी सोडायचं. खाणंही बंद होतं.

नुवारानं पेटी तीन बाजूंनी फडक्यानं झाकली. लपायला फुटक्या मडक्याचा तुकडा ठेवला, आणि आपली वापरलेली निळी ओढणी घडी करून आत घातली. "माझा वास ओळखीचा होऊ दे, आजोबा," म्हणाली. मग रोज दुपारी तासभर पेटीत हात नुसता पसरून बसायची. हलायची नाही की बोलायची नाही. चावलं तरी हात मागे घ्यायची नाही.

मी म्हटलं, "साप पाळतेस का सून आणलीस? इतके लाड तुझ्या आज्जीचे मीसुद्धा केले नाहीत."

"म्हणून आज्जी तुम्हाला फुस्स करायची," ती म्हणाली. घरभर हशा पिकला.

अकराव्या दिवशी बसबूसा मडक्याखालून बाहेर आली. नुवाराच्या करंगळीला तिनं जीभ लावून पाहिली आणि तिथंच बसली. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र मनातून हसू आलं. म्हटलं, अकरा दिवस! आम्ही हे काम दोन मिनिटांत उरकतो.

पुढच्या गुरुवारी नुवारा आईबरोबर मावसबहिणीच्या मेंदीला एद्फूला निघाली, तीन दिवसांसाठी. निघताना दोनदा बजावलं, "फक्त पाणी बदला. हात लावू नका हं, आजोबा. आत्ता कुठं विश्वास बसतोय तिचा."

"माझ्या डोळ्यांची शपथ," मी म्हणालो. तोंड भरून म्हणालो.

शुक्रवारी नमाजानंतर खलफ न्हावी चहाला आला, बरोबर गिरणीवाला सनूसी. या खलफच्या हातात वस्तरा आणि तोंडात त्याहून धारदार जीभ. तो पेटीत वाकला, आणि बसबूसा काचेवर अशी आदळली की त्याच्या कपातला चहा सांडला.

सनूसी हसता हसता ठसकला. खलफ झगा झटकत म्हणाला, "वा रे शेख! गावभरचे नाग गप्प करतोस आणि घरातलं वीतभर गांडूळ तुला जुमानत नाही? म्हातारा झालास बाबा. आता नातीलाच बोलवू आम्ही."

तिथं गप्प बसायला हवं होतं. हसून सोडून द्यायला हवं होतं. पण जळली मेली ती मिशी, तिला पीळ भरायची सवय. "बस इथं," मी म्हटलं, "दाखवतो."

आमच्या घराण्याची रीत अशी. आधी हाताला ठेचलेला कांदा चोळायचा, म्हणजे जनावराला माणसाचा वास लागत नाही. हे कुणी केलं ते त्याला कधी कळत नाही. मग त्याच्यापुढं फडकं नाचवायचं, ते फडक्याला चावलं की फडकं हिसकायचं. बारीक दात फडक्यात अडकून तुटतात. दोनतीनदा केलं की साप आयुष्यभर तोंड उघडायला भितो. याला आम्ही शांत करणं म्हणतो. माझ्या बापानं केलं, आज्यानं केलं, मी शेकडो वेळा केलं.

मी कांदा चोळला. फडकं शोधायला कोण उठणार? पेटीतलंच उचललं.

तीनदा हिसकलं. तिसऱ्यांदा ती चावलीच नाही, मीच ओढणी तिच्या तोंडाशी दाबली. मग तिला मनगटावर ठेवली. हलली नाही. दोरीच्या तुकड्यासारखी पडून राहिली. सनूसी "माशाल्ला" म्हणाला. खलफनं माझा हात हातात घेतला. आणि मी, सत्तरीचा घोडा, छाती फुगवून दुसरा चहा मागवला.

रविवारी नुवारा परतली. पिशवी खाली ठेवायच्या आधी पेटीपाशी गेली, हळूच हात घातला. मधल्या दिवसांत मी पेटीच्या वाटेला गेलो नव्हतो, नुसतं पाणी बदललं होतं. बसबूसा फुसकली नाही. उचललं तरी दोरीसारखी लोंबत राहिली.

"आजोबा!" ती ओरडली. "बघा ना, हातात आली! काय केलंत तुम्ही?"

"काही नाही," मी म्हणालो. "बसायचो जवळ."

तिनं वाकून माझ्या हाताचं चुंबन घेतलं. उगीच मी जुन्या लोकांना हसते म्हणाली, तुमच्या हातात काहीतरी आहे. या रब्, जमीन दुभंगावी असं तेव्हा वाटलं. त्याच हातानं केलं होतं ना! दोन दिवस मी तिच्या नजरेला नजर दिली नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही खोटं नाही.

मंगळवारी तिनं पेटी साफ केली. बसबूसाला मांडीवर घेऊन, मी शुक्रवारी बाहेरच टाकलेली निळी ओढणी पेटीत परत ठेवायला उचलली. ओढणी जवळ येताच ते पिल्लू असं काही उसळलं की मांडीवरून जमिनीवर पडलं, आणि सरपटत मडक्याच्या तुकड्याखाली शिरलं. तिनं पुन्हा ओढणी नेली. पिल्लानं डोकं अंगाच्या वेटोळ्यात खुपसलं.

नुवारा ओढणी घेऊन दारात उजेडाला गेली. बोटांनी चाचपत राहिली. मग नखानं काहीतरी उचलून तळहातावर घेतलं. तांदळाच्या कणीपेक्षा बारीक.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. "आजोबा," एवढंच म्हणाली.

मी सगळं सांगितलं. खलफ, सांडलेला चहा, कांदा, तीन हिसके. "पोरी, मला फडकं दिसलं गं. तुझी ओढणी दिसलीच नाही."

तिनं तो दात कागदाच्या चिठोऱ्यात घडी करून ठेवला. मग डॉक्टरीण असल्यासारखी म्हणाली, "दात परत येतात सापाला. महिन्यादोन महिन्यांत." आणि मग रडतच म्हणाली, "पण तिला वाटतंय ते मी केलं. माझा वास होता ना त्या ओढणीला."

पुढचे आठ दिवस तिनं सगळं करून पाहिलं. नवी ओढणी, साबणानं धुतलेले हात, तासन्‌तास बसणं. पण आता ती आली की बसबूसा वेटोळ्यात डोकं खुपसायची. शेवटी नुवारानं माझा जुना सदरा मागून घेतला आणि पेटीत घातला. दुसऱ्या सकाळी पाहतो तर बसबूसा सदऱ्याच्या बाहीत सुखानं झोपलेली. माझ्या वासाशी तिचं काहीच वैर नव्हतं. कसं असणार? मी कांदा चोळला होता.

नुवारा असियुतला गेली ती पेटी ठेवून. "तुमच्याजवळ शांत आहे ती," म्हणाली. "रोज दुपारी हात ठेवून बसा. हलू नका. घाबरेल." मी बसतो, कांदा न चोळता. महिन्याभरात तिनं पहिली पाल गिळली. दर शुक्रवारी नुवाराचा फोन येतो, आधी विचारते खाल्लं का तिनं, मग विचारते तुम्ही जेवलात का. अजून विचारते हीच तिची मोठी मेहेरबानी.

परवा खलफ आला. बसबूसा माझ्या कोपराभोवती वेढा घालून पडली होती. त्यानं मान डोलावली. "माशाल्ला, शेख. जनावर बरोबर ओळखतं माणसाला."

"नाही रे खलफ," मी म्हटलं. "ओळखलं असतं तर इथं बसली नसती."