आम्ही बहिणी नाही

नवरा धावत कारखान्यात शिरला तेव्हा मी काज-बटणाच्या मशिनवर होते. मला बघताच तो कापडाच्या गठ्ठ्यावरच बसला आणि माझे दोन्ही हात उलटसुलट करून बघू लागला.

"बोटं आहेत," तो म्हणाला. "तुझी बोटं आहेत."

सुपरवायझरने त्याला फोन केला होता. बायकोचा हात कटिंग मशिनमध्ये सापडलाय, निघून या.

हात सापडला होता खालच्या मजल्यावरच्या धाकटीचा.

धाकटी, थोरली ही नावं सुपरवायझरनेच पाडलेली. या कारखान्यात परमुलखातल्या चेहऱ्याच्या आम्ही दोघीच, म्हणजे बहिणीच असणार, असं त्याने ठरवून टाकलं. ती डोंगरातली, मी नदीकाठची. मला तिच्या भाषेतला एक शब्द कळत नाही. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच, मला चष्मा. आधी आम्ही हसत सांगायचो, मग चिडून, मग सांगणं सोडलं. एका बाकावर जेवायला बसणंही टाळायला लागलो, कारण एकत्र दिसलो की कुणीतरी म्हणणारच, "आल्या बघा जुळ्या." या लोकांपायी एका चांगल्या बाईशी माझी धड ओळखही झाली नाही. तिचं खरं नाव ती आता परक्यांना सांगत नाही, म्हणून मीही सांगत नाही.

मी तडक केबिनमध्ये गेले. "तिच्या आईला कळवलंत?"

सुपरवायझरने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दारातल्या नवऱ्याकडे. मग चक्क हसला. "अरेच्चा! म्हणजे तू धडधाकट आहेस. बरंच झालं की!"

"आईला कळवलंत का?"

"घाईत होतं गं असं. तुम्ही दिसता तरी किती सारख्या!"

"रोज सकाळी तुमच्या नाकासमोरून आत येतो आम्ही. माझ्या नवऱ्याचं हृदय अधू आहे. वाटेत त्याला काही झालं असतं, तर कुणाच्या बायकोला कळवलं असतंत?"

"आवाज खाली."

"नाही करत. उठा, गाडी काढा."

एव्हाना मशिनं थांबली होती. दारात जमलेल्या बायका बघून तो उठला.

दवाखान्याच्या वाटेत तिच्या आईला घेतलं. पत्ता ऑफिसातच होता, कुणी बघायची तसदी घेतली नव्हती.

तिची दोन बोटं गेली होती. आईला बिलगून ती रडली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मी सारखी सांगत होते, आईला बोलवा. कारखान्यातून सोबत आलेले म्हणाले, बहिणीला निरोप गेलाय, येतेच आहे. मग मी तुझीच वाट बघत पडले."

"मला कुणी सांगितलंच नाही," एवढंच मी म्हणाले. तेही किती लंगडं वाटलं.

मागून सुपरवायझर पुटपुटला, "थोरले, समजाव ना तिला. मुद्दाम केलं का कुणी?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "माझं नाव घ्या."

तो मोबाइल काढून चाळू लागला.

"बरं, तिचं घ्या. बोटं गेलीत तिची. निदान तिचं तरी घ्या."

तो पलंगाच्या पायथ्याशी लावलेला कागद वाचायला हळूच वाकला. आईला आमचं बोलणं कळत नव्हतं, पण तो काय करतोय ते कळलं. ती मध्ये येऊन उभी राहिली, कागद पाठीआड करून, आणि तिने दाराकडे बोट केलं. तो निमूट गेला.

पुढे आम्ही दोघींनी मिळून तक्रार केली. तिला भरपाई मिळाली, त्याला दुसऱ्या विभागात टाकलं. त्याच्या निरोपाला केकही कापला म्हणे. फलकावर नोटीस लागली: 'ओळखण्यात झालेल्या किरकोळ चुकीबद्दल दिलगिरी.'

किरकोळ! मी ती नोटीस ओढून काढली, भर शिफ्टमध्ये फाडली आणि कपटे तिथेच टाकले. नवा सुपरवायझर बघत होता. उचल म्हणायची त्याची छाती झाली नाही.