शेजारच्या खोलीतलं मशीन

तिने दार नीट लावून घेतलं, खुर्ची आजोबांच्या जवळ ओढली आणि रेकॉर्डर टेबलावर ठेवला. शेजारच्या खोलीत घरमालकीण मावशींचं शिलाई मशीन धडधडत होतं. मागून आवाज आला तर मार्क कापीन, असं सरांनी आधीच बजावलं होतं.

"हं, आजोबा. तुमच्या तरुणपणी इथे लोकांना घरातून उचलून नेत होते ना, त्याबद्दल सांगा."

आजोबांनी बंद दाराकडे पाहिलं.

"पाव मिळायला फार वेळ लागायचा," ते म्हणाले. "पहाटेपासून रांग."

मागच्या बैठकीतही पावच झाला होता. रांग कुठून सुरू व्हायची, कुठे वळायची, कोण मधेच घुसायचं, सगळं तिला तोंडपाठ होतं.

"गरम होतंय," आजोबा मधेच म्हणाले.

तिने तत्परतेने उठून खिडकी उघडली. आजोबांनी खिडकीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने पुन्हा पावावर आले.

ती एका सत्रापुरती या परक्या देशात शिकायला आली होती आणि विषय घेतला होता या देशाचा इतिहास. "शाळेत आपला इतिहास पाठ करताना रडायचीस," आई फोनवर म्हणाली होती, "आणि आता दुसऱ्यांचा शिकायला विमानाने गेलीस?" पण ती खरोखरच रमली होती. त्या धरपकडीच्या वर्षांवरची सगळी पुस्तकं तिने वाचून काढली होती. आता निबंधासाठी तो काळ अंगावर झेललेल्या एका माणसाची मुलाखत तेवढी हवी होती. घरातच मावशींचे वडील, हे आजोबा होते, जन्मभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेले. आयतंच जमलं म्हणून ती खूश झाली होती.

संध्याकाळी मावशी तिच्या कोटाची खालची पट्टी वर घेत होत्या. ती स्टुलावर उभी होती आणि मावशी जमिनीवर बसून टाचण्या लावत होत्या.

"काही बोलले का?"

"पाव."

मावशी हसल्या. "नशीबवान आहेस. मला तर पावही नाही सांगितला कधी." मग त्यांनी टाचणी लावली, काढली, पुन्हा तिथेच लावली. "माझं एक काम करशील? ती बाई का गेली, ते विचार."

ती बाई म्हणजे मावशींची आई. मावशी बोबडं बोलत होत्या तेव्हा ती कुणाचा तरी हात धरून पळून गेली, असं आजोबांनीच त्यांना सांगितलं होतं. शाळेत पोरं चिडवायची. मग मावशींनी युक्ती काढली. कुणी काही बोलायच्या आत त्या स्वतःच आईला शिव्या घालायच्या, म्हणजे चिडवणाऱ्यांची मजाच जायची.

"मी विचारलं की उठून जातात. तू परकी आहेस, तुला सांगतील."

"आणि काही वेडंवाकडं सांगितलं तर?"

"तिच्याशी भांडायचं नाहीये गं मला. आता ती असेल-नसेल. पण एवढंसं पोर टाकून जावंसं वाटलं, म्हणजे माझ्यात काहीतरी असणार ना? ते काय, एवढंच कळू दे."

त्या हे इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, की तिला स्टुलावर उभं राहणं नको झालं.

पुढच्या बैठकीला ती सवयीने दार लावायला गेली.

"राहू दे," आजोबा म्हणाले.

"पण आजोबा, मशीनचा आवाज—"

"राहू दे म्हणतो ना!"

मुलाखतीवर पाणी सोडून ती खुर्चीत बसली. आता बिघडायचं ते बिघडलंच होतं, तेव्हा तिने सरळ विचारलं. "आजोबा, मावशींची आई का गेली?"

आजोबा उठून गेले नाहीत. त्यांनी पाठ ताठ केली. एरवी पुटपुटणारा माणूस, पण आता पलीकडच्या फुटपाथवर हाक मारावी तसा आवाज लावला.

"गेली नाही. तिला नेलं."

मशीन थांबलं.

"छापखान्यात एक पत्रक छापलं होतं आम्ही. खिळे मी जुळवले. ते लोक घरी आले तेव्हा मी बाहेर होतो. तिने सांगितलं, हे माझं काम. आणि गेली त्यांच्याबरोबर. पोरीला शेजारणीकडे देऊन गेली. टाकून नाही."

शेजारच्या खोलीत खुर्ची सरकली.

"नेलेल्यांची मुलंसुद्धा काढून घ्यायचे तेव्हा, कुणाकुणाला वाटून टाकायचे. म्हणून मी गावभर सांगितलं, बायको पळून गेली. लोकांना लगेच पटलं. असलं काही लोकांना लगेच पटतं. पोरीलाही तेच सांगितलं. तिने मनापासून शिव्या देणं गरजेचं होतं. नाटक केलं असतं तर पकडले गेलो असतो."

"आणि नंतर?" तिने हळूच विचारलं. "ते दिवस गेल्यावर?"

"नंतर..." आवाज पहिल्यांदा खाली आला, पण त्यांनी तो पुन्हा चढवला. "नंतर धीर झाला नाही. तो सगळा राग माझ्यावर उलटला असता. मला एकच तर पोर आहे."

प्रश्न तिने विचारला होता, पण आजोबांनी एकदाही तिच्याकडे पाहिलं नव्हतं. त्यांची नजर दारावर होती. आपण दार सोडून खिडकी उघडायला धावलो होतो हे आठवून तिला स्वतःच्या अकलेची कीव आली. तिने रेकॉर्डर बंद केला. निबंध पावाच्या रांगेवरच लिहायचा, हे तिथल्या तिथे ठरून गेलं.

मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. गळ्यात मापाची टेप तशीच होती.

"मी तिला नाही नाही ते बोलले, बाबा. चारचौघांत."

"मीच बोलायला लावलं होतं."

"हो. तुम्हीच लावलंत." मावशींनी त्यांना काही सूट दिली नाही.

तिला तिथून निघायचं होतं, पण दार मावशींनी अडवलेलं. ती भिंतीला चिकटून उभी राहिली. मावशी पुढे आल्या आणि तिच्या रिकाम्या खुर्चीत बसल्या. त्या हातातल्या कापडाची शिवण उसवत राहिल्या. आता त्या रडणार किंवा ओरडणार, असं तिला वाटलं.

"मला घ्यायची तेव्हा कुठल्या कडेवर घ्यायची?" मावशींनी विचारलं.

आजोबांनी तोंड उघडलं. एवढ्या वर्षांत बाकी सगळ्याची उत्तरं त्यांनी मनाशी घोळवून ठेवली असणार. हे मात्र कुणी विचारेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"डाव्या," ते म्हणाले. मग, "नाही. थांब. थांब हं जरा."

ते खुर्चीचा हात धरून उठले, एक हात वाकवून कमरेशी धरला, आणि खोलीत हळूहळू चालून बघू लागले.