पाव गोळी

शनिवारी सकाळी सव्वादहा वाजता घोटावड्यातल्या एकनाथ देवकरांनी तापाच्या गोळीचा पाव तुकडा चुरून लोण्यात कालवला आणि मांजरीच्या पिल्लाला चाटवला.

पिल्लू त्यांचं नव्हतं. वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या जुईली वानखडेचं होतं. वय साडेपाच महिने, वजन एक किलो नऊशे ग्रॅम, नाव कणी. नाव एकनाथांच्या बायकोने, चंद्राबाईंनी ठेवलेलं. पावसाळ्यात ते भाताच्या तुसात सापडलं तेव्हा पांढरं आणि एवढंसं होतं, म्हणून कणी. दोन दिवसांपूर्वी, गुरुवारी, तिची नसबंदी झाली होती. डाव्या कुशीवर चार टाके होते आणि गळ्यात प्लास्टिकची रुंद कॉलर होती, टाके चाटू नयेत म्हणून. जुईली हिंजवडीच्या एका कंपनीत कामाला आहे. त्या शनिवारी तिला सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलं होतं. जाताना ती कणीला खाली एकनाथांकडे ठेवून गेली. सकाळचे औषधाचे थेंब तिने स्वतः आठ वाजता पाजले होते.

दहाच्या सुमारास कणी ओरडायला लागली. थांबेना.

"दुकतंय तिला," एकनाथ म्हणाले. "ह्या दोन थेंबांनी काय व्हतंय?"

"पोरीला इचारा की फोन करून," चंद्राबाई म्हणाल्या.

"त्यात इचारायचं काय? एकतीस वर्सं हेच केलंय."

"ती वर्सं म्हशींची हुती."

"मांजर म्हंजी ल्हान म्हैसच. म्हनून तर पाव दिली."

चंद्राबाई हसल्या. कणीने लोणी चाटून बोटही चाटलं. अर्ध्या तासाने ती गप्प झाली. एकनाथांनी बायकोकडे बघितलं आणि पेपर उघडला.

एकनाथ डॉक्टर नाहीत. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ते परिचर होते. जनावर धरायचं, सुया उकळायच्या, फरशी धुवायची, हे काम. पुढे बघून बघून ते सुई टोचायला शिकले, गोऱ्हे बडवायला, म्हणजे खच्ची करायला शिकले, जार अडकलेली म्हैस मोकळी करायला शिकले. डॉक्टर चार गावं सांभाळत. हाकेला येत ते एकनाथच. लोक त्यांना डॉक्टर म्हणू लागले. सुरुवातीला ते "मी नव्हं, सायेब येगळं" असं सांगत. मग सांगायचं राहून गेलं. ते निवृत्त झाले, गावात खोल्या चढल्या, भाडेकरू आले. भाडेकरूंनी ही हाक ऐकली आणि खरी मानली. जुईलीने खोली घेतली त्या दिवशी जिन्यात उभं राहून आईला फोनवर सांगितलं होतं, "घरमालक जनावरांचे डॉक्टर आहेत, कणीची काळजीच नाही." एकनाथ दोन पायऱ्या खाली होते. त्यांनी घसा खाकरला, एवढंच.

गुरुवारी ते तिच्याबरोबर दवाखान्यात गेले होते. दवाखाना हिंजवडीहून महाळुंग्याला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. तिथल्या डॉक्टर रुही मुलाणी मूळच्या पौडच्या. त्यांचे वडील अलाउद्दीन यांच्या शेळ्यांना एकनाथांनी कितीतरी वेळा औषध पाजलं होतं. रुहीने त्यांना बघताच खुर्ची दिली.

नसबंदीनंतर, कणी गुंगीत असतानाच, मानेच्या कातड्याखाली चिप टोचली. तांदळाच्या दाण्याएवढी. यंत्र वरून फिरवलं की पंधरा आकडी नंबर दिसतो आणि त्या नंबरावर मालकाचं नाव. एकनाथांनी नोकरीत गुरांच्या कानांत बारा आकडी पिवळे बिल्ले मारले होते. हे त्यांना लगेच कळलं आणि आवडलंही.

चिपचा फॉर्म जुईली भरत होती.

"काका, पत्ता कायमचा लागतोय. माझी तर खोली कधी बदलेल सांगता येत नाही. तुमचं नाव घालू? फोनही तुमचाच."

"घाल की."

तिने लिहिलं: मालक, डॉ. एकनाथ देवकर.

फॉर्म रुहीच्या हातात गेला. तिने तो वाचला. मान वर करून एकनाथांकडे पाहिलं. ते सरकारी दवाखान्यात परिचर होते हे तिला ठाऊक होतं. तिने क्षणभर वाट पाहिली. एकनाथ भिंतीवरचं मांजरांच्या जातींचं चित्र बघत राहिले. रुहीने फॉर्मवर शिक्का मारला.

निघताना तिने सूचनांचा छापील कागद दिला आणि तोंडीही सांगितलं: सात दिवस उडी मारू द्यायची नाही, टाक्यांना पाणी लागू द्यायचं नाही, कॉलर काढायची नाही, जागा उबदार ठेवायची. जुईली ऐकत होती. एकनाथ बाहेर रिक्षा बघायला गेले होते. तो कागद शुक्रवारी जुईलीने त्यांच्या फ्रिजवर चिकटवला. तो वाचायची गरज त्यांना वाटली नाही.

शनिवारी बारा वाजून पन्नास मिनिटांनी कणीला उलटी झाली. मग तोंडातून लाळ गळायला लागली. सव्वा वाजता तिचं तोंड सुजलेलं दिसलं, पुढचे पंजेही. एकनाथांनी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. त्या गुलाबी नव्हत्या. काळपट, चिखलासारख्या होत्या. असा रंग त्यांनी एकतीस वर्षांत कुठल्याही जनावरात पाहिला नव्हता.

ते फ्रिजपाशी गेले. चष्मा लावला. पाचवी ओळ जाड अक्षरांत होती: माणसांची कोणतीही गोळी देऊ नये, तापाची साधी गोळीही मांजरासाठी विष आहे.

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग जुईलीला फोन केला. "जरा तोंड सुजलंय कणीचं," ते म्हणाले. "दवाखान्यात घेऊन निगालोय. तू तितंच ये." गोळीचं त्यांनी सांगितलं नाही. शर्ट बदलला. चंद्राबाई टोपलीत गोधडी घालत होत्या. त्या काही बोलणार इतक्यात ते म्हणाले, "तू हितंच ऱ्हा. गर्दी नको."

रस्त्याला वाहनांची रांग होती. कंपन्यांच्या गाड्यांमागे रिक्षा अडून राहिली. अर्ध्या तासाच्या वाटेला तास लागला. टोपलीतून आवाज येत नव्हता. दोन पस्तीसला ते दवाखान्यात पोचले. जुईली दारातच उभी होती.

रुहीने कणीला टेबलावर ठेवलं, हिरड्या पाहिल्या, नाकाशी प्राणवायूची नळी धरली. "सकाळपासून काय काय गेलंय पोटात?"

"तुमचं थेंब. दूध थोडं."

"दुसरं काही? माणसांची गोळी, तापाची, अंगदुखीची?"

"न्हाई."

हे ते वजनकाट्याकडे बघत म्हणाले.

"काका, नीट आठवा. पुढचं सगळं यावर आहे."

"न्हाई म्हनलं की."

"अहो, काकांनी दिलं असतं तर सांगितलं नसतं का?" जुईली म्हणाली. "ते स्वतः डॉक्टर आहेत."

रुहीने सुई घेऊन रक्त काढलं. ते लाल नव्हतं, चॉकलेटी होतं. तिने नळी उजेडात धरली. "काहीतरी विषारी गेलंय. घराजवळ फवारणी झाली का?"

एकनाथांनी घसा साफ केला. "झाली आसंल. शेजारच्या बहिरूनं वांग्यावर मारलंय वाटतं."

"कधी?"

"काल-परवा."

"ओळखीचा माणूस आहे, सांगायला नको का त्यानं?" जुईलीचा आवाज चढला. "इथं मांजर आहे हे माहितीये त्याला!"

"औषधाचं नाव लागेल मला," रुही म्हणाली. "विषाप्रमाणे उतारा बदलतो. चुकीचा दिला तर वेळ जाईल. घरी कोणी बाटली बघून सांगेल?"

एकनाथ म्हणाले, "मी जाऊन बगतो." पण जुईलीने तोवर फोन लावला होता. कणीची मान धरायला हात मोकळा हवा म्हणून तिने तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

पहिल्यांदा चंद्राबाईंनी उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तीन वाजून चौदा मिनिटांनी उचलला.

"धुनं घालत हुते गं. कशी हाय कणी?"

"काकू, बहिरूकाकांनी फवारलेल्या औषधाची बाटली बघा ना. त्यावरचं नाव हवंय."

"बहिरूनं? त्यानं कुटं फवारलंय? त्याचा पंप मोडून आट दीस झालं. आपल्याच पडवीत पडलाय, ह्यांनी दुरुस्तीला ठिवून घेतलाय न्हवं."

"पण काका म्हणाले की..."

"काय म्हनलं? अगं, तिला ती गोळी सोसली नसंल. तापाची. ह्यांनी लोण्यातनं दिली सकाळी. मी म्हनत हुते, पोरीला इचारा म्हनून, पन माजं ऐकतंय कोन. आता सायबीनबाईला म्हनावं उतारा द्या कायतरी. हॅलो? जुईली? आवाज येतोय का?"

शेवटी रुहीने फोन बंद केला.

"केवढी?" तिने विचारलं.

एकनाथांनी अंगठ्याचं नख करंगळीच्या पेरावर धरून दाखवलं. "पाव."

"किती वाजता?"

"सव्वादहा."

भिंतीवरच्या घड्याळात तीन सतरा झाले होते. रुहीने कागदावर दोन्ही वेळा लिहिल्या, त्याखाली तिसरी, दोन पस्तीस, ते आल्याची. तिन्हींपुढे काही लिहिलं नाही. मग म्हणाली, "तिला दुखत नव्हतं, काका. थेंब पुरेसे होते. कॉलर कशात तरी अडकली असेल, त्याला वैतागून ओरडली असेल."

कॉलर खाटेच्या पायाला अडकली होती. गोळी दिल्यावर एकनाथांनीच ती सोडवली होती.

उताऱ्याचं इंजेक्शन माणसांच्या औषधाच्या दुकानात मिळतं. दवाखान्यात एकच कुपी होती. आणखी लागणार होत्या. रुहीने संगणकावरून चिठ्ठी काढली. "मी आनतो," एकनाथ म्हणाले. कोणी नको म्हटलं नाही.

पहिल्या दुकानात ते नव्हतं. दुसऱ्या दुकानदाराने चिठ्ठी हातात घेऊन वाचली. चिपच्या नंबराबरोबर मालकाचं नावही छापून आलं होतं.

"डॉ. एकनाथ देवकर. तुमचाच पेशंट का, डॉक्टर?"

"डॉक्टर न्हाई मी," एकनाथ म्हणाले. "परिचर हुतो. शिपाई म्हना."

"मग हे?"

"ते चुकून पडलंय."

दुकानदाराने खांदे उडवले आणि कुप्या पिशवीत घातल्या. ज्यांना हे ऐकायला हवं होतं, त्यांच्यातलं तिथे कोणी नव्हतं.

ते परतले तेव्हा कणी काचेच्या पेटीत होती. पेटीत प्राणवायू सोडलेला होता. पहिलं इंजेक्शन तीन पंचवीसला दिलं गेलं होतं. जुईली पेटीसमोर स्टुलावर बसली होती. तिने पिशवीसाठी हात पुढे केला, वर न बघता.

"जुईली, मी..."

"मी तिला तुमच्याकडे का ठेवलं होतं, माहितीये ना तुम्हाला?"

"व्हय."

"मग झालं."

तिने कुप्या मोजून रुहीकडे दिल्या. त्यानंतर ती त्यांच्याशी बोललेली नाही. त्या रात्री ती खोलीवर आली नाही. महाळुंग्यात मैत्रिणीकडे राहिली.

घरी चंद्राबाईंना पुढचं सगळं एकनाथांनीच सांगितलं. बहिरूचंही सांगितलं. चंद्राबाई ताट वाढत होत्या, त्या थांबल्या.

"गोळी दिली ते येक," त्या म्हणाल्या. "त्या गरिबाचं नाव कशापायी घेतलंत?"

ते एकनाथांनाही माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी साडेआठला बहिरू कुंपणाशी आला. मांजर आजारी आहे यापलीकडे त्याला काही कळलेलं नव्हतं.

"डॉक्टर, मांजर कसं हाय म्हनं?"

"हाय. दवाखान्यात हाय."

"आन पंप?"

"दुपारी देतो."

"सवडीनं द्या. माजी शेळी चरंना झालीय कालपास्नं. जरा बगता का?"

"दवाखान्यात ने."

बहिरू हसला. "आता तुमीच दवाखाना, आनि कुटं नेऊ?"

"मी डॉक्टर न्हाई, बहिरू."

"व्हय व्हय, सरकारनं काढून घेतली व्हय डिगरी?" तो आणखी मोठ्याने हसला. "बरं, सांजच्याला या. च्या पाजतो."

त्याचं नाव दवाखान्यात कशासाठी घेतलं गेलं, हे एकनाथांनी त्याला सांगितलं नाही. पंप दुरुस्त करून दुपारी कुंपणावरून दिला. शेळी बघायला ते गेले नाहीत.

रविवारी संध्याकाळी सहा वाजता ते दवाखान्यात गेले. रुहीने आत येऊ दिलं. कणी पेटीत एका कुशीवर होती. सूज थोडी उतरली होती, हिरड्या तशाच. टाके कोरडे होते; नसबंदीची जखम उत्तम भरत होती. रुहीने सांगितलं की गोळी पोटात गेल्यापासून बहात्तर तास निघाले तर बोलता येईल. यकृताला किती लागलंय ते त्यानंतरच. बहात्तर तास मंगळवारी सकाळी सव्वादहाला होतात.

"ती चाळीस मिनिटं..." एकनाथ म्हणाले.

"त्याचं मला सांगता येणार नाही, काका," रुही म्हणाली. "कुणालाच येणार नाही."

तिने चिपचं यंत्र उचलून जागेवर ठेवलं. चिपच्या नोंदीतलं 'डॉ.' काढता येईल का, हे विचारावं असं एकनाथांच्या मनात होतं. विचारलं नाही.

सोमवारी सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी दवाखान्याचा निरोप त्यांच्या फोनवर आला. चिपच्या नोंदीत त्यांचाच फोन नंबर आहे, म्हणून निरोप त्यांनाच येतात. मजकूर असा: "डॉ. देवकर, कणीने सकाळी थोडं पाणी घेतलं. डोळ्यांत पिवळसर झाक आहे. रक्त पुन्हा तपासायला पाठवलं आहे. अहवाल संध्याकाळी."

एकनाथांनी तो होता तसाच जुईलीला पाठवला. सुरुवातीचे दोन शब्द त्यातून काढता येतात का, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

निरोप पोचल्याची खूण लगेच आली. वाचल्याची खूण दुपारी साडेबारापर्यंत आलेली नव्हती.