दिव्यानीला डोंगा हवा होता

त्या रविवारी मोहर्लीला जायचा हट्ट प्रफुलचा होता, दिव्यानीचा नव्हता. भद्रावतीच्या कारखान्यातली नोकरी, कॉलनीतलं क्वार्टर आणि उरलेल्या वेळात मोबाइल, असं त्याचं चाललेलं असे. कयाकचे व्हिडिओ पाहून पाहून आपल्याला त्यातलं सगळं कळतं, असं त्याला वाटू लागलं होतं. मोहर्लीजवळ, वाघांच्या जंगलाला लागून असलेल्या धरणाच्या पाण्यावर कयाक सुरू झाल्याचं ऐकून त्याने बायकोला न विचारताच दोन जागा सांगून टाकल्या.

ती दोघांची, प्लास्टिकची अरुंद नाव. दिव्यानी पुढे, प्रफुल मागे. किनारा सुटला आणि नाव जागच्या जागी गोल फिरायला लागली. डावीकडून मार, थांब, आता उजवीकडून, असं प्रफुलचं मागून चाललेलं. त्याच्या वल्ह्याचं पाणी तिच्या मानेवर उडत होतं. पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या झाडाला नाव पुन्हा पुन्हा जाऊन धडकली. शेवटी तिने वल्हं मांडीवर आडवं ठेवून दिलं.

"तुमीच चालवा आता."

"तुले समजावून सांगून राह्यलो ना मी."

"समजावून नाई, चिल्लावून राह्यले."

किनाऱ्यावर परत येईपर्यंत ती नुसती धुमसत होती. नावा सांभाळणाऱ्या पियुषला तिने सांगितलं की मला एकटीची द्या. प्रफुल हसला आणि उलटशील म्हणाला. त्या हसण्यावरच ती नावेत बसली.

आधी नाव डुगडुगली. मग कधीतरी उजवा हात आणि डावा हात एकमेकांना सापडले आणि नावेचं टोक सरळ राहिलं. वाळक्या झाडांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. ती त्यांच्या खालून गेली तरी ते उडाले नाहीत. घरी, शेजारी, शिकवणीला घरी येणाऱ्या पोरांत तिला सतत कुणाला तरी उत्तर द्यावं लागे. इथे कुणी काही विचारत नव्हतं. आणखी पुढे, त्या वळणापलीकडे काय आहे ते पाहावं, असं तिला वाटलं, आणि तेवढ्यात किनाऱ्यावरून शिटी वाजली. वारा सुटला होता, पियुष परत बोलावत होता. उतरताना तिला रडूच यायला लागलं. 

नंतर पुन्हा मोहर्लीला जाऊ म्हणून ती प्रफुलच्या मागे लागली. पण त्याची पाठ धरली होती आणि हौसही फिटली होती. मग ती एकटीच बस बदलत मोहर्लीला गेली. नावा उपड्या घालून ठेवलेल्या. परवानगीचं काहीतरी अडलंय, कधी सुरू होईल माहीत नाही, असं पियुष म्हणाला. बरं, निदान काठाकाठाने पायी फिरून येऊ का, असं तिने तिथल्या वनरक्षकाला विचारलं. त्याने नकाराची मान हलवली. पलीकडच्या झुडपात वाघीण पिल्लं घेऊन आहे, इथे गाडीतून खाली पाय ठेवायचा नाही. मागच्या उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला आलेली एक बाई तिथेच वाघाच्या तोंडी गेली होती. त्याचं खरंच होतं, आणि त्यामुळे दिव्यानीची चिडचिड आणखी वाढली. रागवायलाही कुणी नव्हतं. चारी बाजूंना जंगल, आणि चालायला मात्र कॉलनीचं मैदान. तिथे ती रोज सकाळी चकरा मारी आणि घरी येऊन भांडी आदळी.

चुलतभावाच्या लग्नाला ती सिंदेवाहीकडे माहेरी गेली. गावाचा तलाव भरलेला होता. काठाला आशाबाईचा डोंगा बांधलेला. आशाबाई ढिवराची, मासोळी धरणारी. लहानपणापासून दिव्यानी तिला ओळखत होती, पण डोंग्यात कधी बसली नव्हती.

"मासोळी पाह्यजे काय? मी देतो ना घरी आणून," आशाबाई म्हणाली.

"मासोळी नाई पाह्यजे, बाई. मले डोंगा चालवाचा हाय."

आशाबाईला ते काही उमगेना. साडी भिजेल, लोक काय म्हणतील, लग्नघर सोडून हे काय, असं तिने बरंच सुनावलं. तरी दिव्यानी हलेना, तेव्हा तिने दोर सोडला आणि डब्याने पाणी उपसत स्वतः मागे बसली.

डोंगा जड होता. वल्ह्याच्या जागी लांब बांबू. धरणावर शिकलेलं इथे काहीच चालेना. बांबू तळाला टेकवून रेटायचा, तर तो चिखलात रुते आणि डोंगा पुढे निघून जाई. एकदा तर ती बांबूलाच लटकली आणि कमरेएवढ्या पाण्यात पडली. काठावर धुणं धुणाऱ्या बाया पोट धरून हसल्या. आशाबाईही हसली. दिव्यानी तशीच ओली पुन्हा वर चढली. तळहात सोलले होते, साडीला शेवाळ लागलं होतं आणि डोंगा कमळाच्या वेलांत अडकून बसला होता.

तेवढ्यात प्रफुल काठावर आला. हळद लागून राह्यली, सगळे तुले विचारून राह्यले, असं त्याने ओरडून सांगितलं.

"तुमी व्हा पुढं," ती म्हणाली. "मी येतो मागून."

"अवं पण तुले जमत नाई ते!"

"नाई जमत. दिसून राह्यलं ना मले."

तो पायातली चप्पल काढून काठावरच बसला. दिव्यानीने बांबू तळाला टेकवून रेटला. डोंगा वेलांतून सुटून हातभर पुढे सरकला आणि पुन्हा वाकडा झाला. तिने एक शिवी हासडली, दोन्ही हातांनी चिखलातून बांबू उपसला आणि पलीकडच्या बाजूने पुन्हा तळाला रोवला.